पाहुण्यांची डिश

आमच्या प्रयोगशाळेत येणारे पाहुणे दाराबाहेर चपला काढायचे. काढायलाच हव्यात, तशी पाटीच होती. पण ते काढायचे ते धुळीच्या भीतीनं नाही, आत देव आहे अशा समजुतीनं. मग एकेक जण वाकून मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, काळोखात हिरवे ठिपके चमकताना दिसायचे आणि माणूस नकळत हात जोडायचा. एका नगरसेवकाच्या आईनं तर मायक्रोस्कोपला बोटं लावून ती कपाळाला टेकवली. आमच्या संस्थेचे अध्यक्ष शेजारी उभे राहून सांगायचे, "जिता दिवा हाय ह्यो. आपल्या सोलापुरात लागलाय." टाळ्या वाजायच्या. मी कोपऱ्यात ॲप्रन घालून उभी असायचे आणि दात आवळायचे. आज हे लिहितानाही आवळलेच आहेत.

कारण तो दिवा नव्हता. ती धोक्याची खूण होती, आणि ती मीच घडवली होती.

सांगते. माणसाचा गर्भ अगदी सुरुवातीला, टाचणीच्या टोकाएवढा असतो, तेव्हा त्यातल्या काही पेशी अजून काहीच झालेल्या नसतात. त्यांची त्वचा होऊ शकते, हाड होऊ शकतं, मज्जातंतू होऊ शकतो. ह्या मूळपेशी. मूल व्हावं म्हणून उपचार घेतलेल्या कुठल्याशा जोडप्यानं उरलेला गर्भ संशोधनाला दिला, त्यातून मोठ्या शहरातल्या एका संस्थेनं ह्या पेशी वाढवल्या आणि त्यांचा एक वाण तयार झाला. वाण म्हणजे बियाण्याचा असतो तसाच, एकाच मुळातून पिढ्यानपिढ्या वाढत जाणारा. मी त्या संस्थेत बरीच वर्षं काढली. माझं काम म्हणजे त्या पेशींच्या पोटात एक चुगलखोर बसवायचा. जेलीफिशच्या अंगात चमकणारा एक पदार्थ असतो. तो तयार करणारं जनुक पेशीत अशा जागी बसवायचं की पेशी जोवर काहीच झालेली नाही तोवर ती निळ्या प्रकाशात हिरवी चमकेल, आणि तिचा मज्जातंतू झाला की चमक आपोआप जाईल.

ही चुगली लागते कशाला? पूर्वी ह्या पेशी उंदराच्या पेशींच्या अंथरुणावर आणि वासराच्या रक्तातून काढलेल्या द्रवावर वाढवत. ज्या पेशी कधीकाळी माणसाच्या अंगात जायच्या त्यांना जनावराचं काही चिकटलेलं असता कामा नये. म्हणून नवं, स्वच्छ खाद्य शोधायचं आणि त्यावर पेशी ठीक आहेत की बिघडतायत हे चमक बघून ओळखायचं. दुसरं कारण त्याहून मोठं. मज्जातंतू बनवायला घेतलेल्या पेशींतल्या काही हट्टी पेशी तशाच राहिल्या आणि अंगात गेल्या, तर त्यांची गाठ होते. त्या गाठीत केस उगवतात, दात उगवतात, काय वाटेल ते. म्हणून शेवटी डिश, म्हणजे पेशी वाढवायची चपटी बशी, काळी दिसायला हवी. पार काळी. आमच्या धंद्यात काळोख म्हणजे यश. एवढी साधी गोष्ट मी सोलापुरात एकाही शहाण्या माणसाला पटवू शकले नाही.

आणखी एक आधीच सांगून ठेवते. माझ्या पेशी औषध नव्हत्याच, चांगल्या होत्या तेव्हासुद्धा नव्हत्या. त्या मोजायची पट्टी होत्या. चादर मोजायची पट्टी कुणी थंडीत अंगावर घेत नाही.

मी सोलापूरचीच. आमचं विणकरांचं घर, घरात तेलुगू आणि उंबऱ्याबाहेर मराठी. घरातलं बोलणं मी इथं मराठीत लिहिते आहे. वडील पॉवरलूमवर होते. मोठा भाऊ, त्याला आम्ही अण्णा म्हणतो, चादरींच्या गठ्ठ्यांचा टेम्पो चालवायचा. मी पुण्याला शिकायला निघाले ती त्याच्याच टेम्पोतून, मागे गठ्ठे आणि पुढे मी, ट्रंक पायाशी. वाटेत टेंभुर्णीला त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, आता तू मोठी बाई होणार, आम्हाला विसरणार, पण परत यावंसं वाटलं तर फोन कर, टेम्पो घेऊन येतो. मी म्हटलं, टेम्पोतून कोण येतंय, मी विमानानं येईन. तो दिवसभर त्यावर हसत होता.

मग एकदा फोन आला तो वहिनीचा. अक्कलकोट रस्त्यावर वळसंगच्या पुढे टेम्पो उलटला होता. अण्णा वाचला, पण कमरेखाली त्याला काही कळेना. डॉक्टरांनी काय ते स्पष्ट सांगितलं होतं, घरात ते कुणी ऐकून घेतलं नव्हतं. मी मोठ्या शहरातली नोकरी सोडून आले. एसटीनं आले.

शहराबाहेर माळावर एका संस्थेचं रुग्णालय होतं, त्यांनी नुकतंच मूळपेशींचं केंद्र काढलं होतं. मला घरी राहून तेच काम करता येणार म्हणून मी आनंदानं रुजू झाले. माझ्या जुन्या संस्थेनं करार करून माझ्याच हातच्या पेशी मला दिल्या. इमारत नवी, दाराला संगमरवर, पुढे रुंद पायऱ्या. चालता न येणाऱ्या माणसांसाठी केंद्र काढलं आणि चाकाची खुर्ची चढेल असा उतार कुठंच नाही. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. अध्यक्ष म्हणाले, पायऱ्या फोटोत लई झ्याक दिसत्यात. तेव्हाच मला कळायला हवं होतं असं लोक आता म्हणतात. मला कळलं होतं. घरात एक माणूस अंथरुणाला खिळलेला असताना कळून काय करता?

अध्यक्ष ऊसवाल्या घरातले, गावाकडचे, बोलायला गोड. माणूस वाईट म्हणावा असा नाही, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. वाईट असता तर कुणी ऐकलं नसतं. त्यांना पाहुणे आणायची भारी हौस. कधी बँकेचे संचालक, कधी महाराज, कधी अमेरिकेतला कुणाचा तरी जावई. येणाऱ्याला हिरवं दिसलंच पाहिजे हा त्यांचा हुकूम. काळ्या डिशा दाखवायच्या नाहीत. एकदा मी एका मंत्र्याला मुद्दाम काळी डिश दाखवली आणि हे खरं यश आहे असं सांगू लागले, तर अध्यक्ष मध्येच म्हणाले, "म्याडम, अंधार कशापायी दावताय पाव्हण्यास्नी?" सगळे हसले. मंत्रीही हसले.

म्हणून पाहुण्यांची डिश सुरू झाली. माझा एक सहकारी होता, नुकताच पीएचडी झालेला, सज्जन, कुणाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. पाहुण्यांच्या खोलीलगतच्या छोट्या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे पेशी उबेत ठेवायच्या कपाटात, तो ही एक डिश वेगळी ठेवायचा. ती दाटली की तिच्यातले सगळ्यांत जास्त चमकणारे, सगळ्यांत लवकर फोफावणारे पुंजके वेचून नव्या डिशमध्ये घालायचा. त्यातले पुन्हा सगळ्यांत चमकणारे पुढच्या डिशमध्ये. पेशींचं असं आहे, ज्यांना तुम्ही निवडत जाता त्या शिरजोर होतात. मरायचं विसरतात, बदलायचं नाकारतात, नुसत्या वाढतात. मी त्याला बजावून ठेवलं होतं, शोभेला काय ठेवायचं ते ठेव, पण ती डिश आतल्या, कामाच्या खोलीत आणायची नाही. त्यानं मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

त्या दसऱ्याच्या सुमाराला अण्णाला पडून पडून पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, आणि मी बरेच दिवस त्याच्याजवळ दवाखान्यात होते. परत आले तर माझ्या कामाच्या डिशा छान भरलेल्या, नव्या कुप्या गोठवून ठेवलेल्या, प्रत्येकीवर माझ्या वाणाची चिठ्ठी. मी सहकाऱ्याचं कौतुक केलं. त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, लाजला.

दिवाळीनंतर अध्यक्ष आमच्या घरी आले. सोबत फळांची करंडी, शाल, श्रीफळ आणि फोटोग्राफर. अण्णाला उशांना टेकवून बसवलं होतं. त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि सांगितलं की महाशिवरात्रीनंतर मोठा कार्यक्रम आहे, त्यात निवडक पेशंटांच्या पाठीच्या कण्यात मूळपेशींची सुई द्यायची, आणि पहिला मान ह्या घराचा. अम्मा, म्हणजे आमची आई, रडायला लागली. वहिनी चहा ठेवायचं विसरून दारात उभी राहिली. मी म्हटलं, हे करता येणार नाही, ह्या पेशी त्यासाठी नाहीतच, कायद्यानंही गुन्हा आहे. अध्यक्ष हसले आणि घरच्यांना म्हणाले, "म्याडम लाजत्यात. म्याडमच्या पेशी, म्याडमचाच भाऊ. ह्याच्याहून मोटी ग्यारंटी कुटली पायजे?"

तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना माझा भाऊ बरा करायचा नव्हता. त्यांना माझा भाऊ प्रमाणपत्र म्हणून हवा होता. चाललाच तर उत्तम. नाही चालला तरी बाकीच्यांना सांगता येणार होतं की बघा, शास्त्रज्ञ बाईनं सख्ख्या भावाला दिलंय, भिताय काय.

पण घरात मी एकटी पडले. अध्यक्षांनी पेशंटांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला होता, "नवी पावलं" नावाचा. अण्णा दिवसभर त्यात. कुंभारीच्या कामगार वसाहतीतला एक गवंडी होता, परांचीवरून पडून कंबर मोडलेला. त्याची आणि अण्णाची इतकी गट्टी जमली की दोघं रोज फोनवर बोलायचे. आधी कोण उठतो ह्याची पैज लावायचे. केंद्रातली बाई आपलीच बहीण आहे हे मात्र अण्णानं त्याला सांगितलं नव्हतं, वशिल्यानं नंबर लागला असं त्याला वाटू नये म्हणून. वहिनीनं अण्णाच्या जुन्या चपला मोच्याकडून शिवून आणल्या आणि पलंगाखाली जोडीनं ठेवल्या. मला त्या चपला दिसल्या की घरातून निघून जावंसं वाटायचं.

मी अण्णाला समजावलं. आधी चाचणी व्हावी लागते, परवानगी लागते, वर्षं जातात, जगात कुठंच ह्याची खात्री अजून नाही. एकदा तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "तुला तुझ्या परवानग्यांची काळजी. मला सकाळी उठून स्वतःच्या पायांनी मोरीत जायची काळजी आहे." मी म्हटलं, ते ह्यानं होणार नाही. तो म्हणाला, "तू माझ्या पायांच्या आड येऊ नकोस." त्यानंतर अम्मानं माझ्याशी बोलणं टाकलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं ताट समोर ठेवायची आणि आत निघून जायची. घरातली सगळी माणसं मला गुन्हेगार समजत होती आणि त्या गोडबोल्या माणसाचा फोटो मात्र शोकेसमध्ये लागला होता. अंगाचा तिळपापड म्हणजे काय ते मी त्या दिवसांत शिकले.

प्रयोगशाळेत माझं नेहमीचं काम चालू होतं. नव्या खाद्यावर वाढवलेल्या पेशींचे मज्जातंतू करायचे आणि चमक जाते का बघायची. दसऱ्यानंतर गोठवलेल्या कुप्या उघडल्या, पेशी वाढवल्या, त्यांना बदलायला लावलं. दिवस भरत आले तरी डिश काळी होईना. बऱ्याच ठिकाणी काळोख झाला, पण मधेमधे हिरवे पुंजके तसेच, उलट मोठे होत चाललेले. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. माझं काही चुकतंय का म्हणून सगळी रसायनं बदलली. तेच. शेवटी पेशी पुण्याला गुणसूत्रं तपासायला पाठवल्या. उत्तर आलं की विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा जास्तीचा झाला आहे. फार काळ वाढवलेल्या, शिरजोर झालेल्या पेशींत नेमका असा बिघाड होतो. माझ्या पेशींत तो यायचं कारण नव्हतं.

मी सहकाऱ्याला समोर बसवलं आणि विचारलं की ह्या कुप्या कुठल्या. तो रडायलाच लागला.

खंडेनवमीला सोलापुरात कुठलंही यंत्र बिनपूजेचं राहत नाही. माग, रिक्षा, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, सगळ्यांना झेंडूची माळ. आमच्या घरच्या मागालाही असायची आणि मला ती आवडायची. पण मी दवाखान्यात असताना अध्यक्षांनी इनक्युबेटरची पूजा लावली. बाहेरून माळ घातली असती तर बिघडलं नसतं. गुरुजी आले, आतल्या खोलीत धूप फिरवला, आणि अध्यक्ष म्हणाले की आतल्या जिवांनाबी हळदकुंकू लागू दे. दार उघडलं. आतल्या फळ्यांवर हळदकुंकू वाहिलं, फुलं ठेवली, फोटो निघाले. ज्या खोलीत मी केस बांधून, तोंड झाकून, श्वास जपून वावरते त्या खोलीत. पुढच्या काही दिवसांत आतल्या प्रत्येक डिशमध्ये बुरशीचा कापूस फुटला.

सगळं गेलं. जुन्या गोठवलेल्या कुप्या होत्या, पण त्यातल्या पेशी उठवायला आठवडे जातात, आणि शुक्रवारी पाहुणे येणार होते. शिवाय मी परत आल्यावर काय म्हणेन ह्याची त्याला भीती. छोट्या इनक्युबेटरची पूजा करायची राहून गेली होती, म्हणून पाहुण्यांची डिश तेवढी वाचली. ती त्यानं आत आणली, वाढवली, कुप्या भरल्या आणि माझ्या वाणाची चिठ्ठी लावली. "मॅडम, दिसायला सारख्याच होत्या," तो म्हणाला. माझ्या हातात त्या वेळी काही असतं तर मी ते फेकून मारलं असतं.

आणि ह्याच कुप्या कार्यक्रमासाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या होत्या. ह्याच पेशींपासून सुई तयार व्हायची होती.

मी अध्यक्षांकडे गेले. सगळं सांगितलं, चित्रं दाखवली. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग विचारलं, चमकतंय न्हवं? म्हटलं, चमकतंय, तेच तर सांगते आहे, चमकायला नको आहे. ते म्हणाले, "इझत न्हाय त्ये चांगलंच की, म्याडम." मी आवाज चढवला. त्यांनी नाही चढवला. हितं कोण मायक्रोस्कोप घिऊन बसलंय, लोकास्नी उटायचं हाय, तुमी फकस्त हजर ऱ्हावा, असं म्हणाले आणि फोन उचलला. असल्या गोष्टी अडवायला केंद्राची नीतिसमिती होती म्हणा, पण तिच्यावर त्यांचे मेहुणे होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी मी अण्णाला म्हटलं, चल, तुला दाखवते. तो नको म्हणाला. मी म्हटलं, पाठीत घ्यायला तयार आहेस आणि डोळ्यांनी बघायला नाही? रिक्षा बोलावली. केंद्राच्या दाराशी त्या फोटोतल्या पायऱ्या. वॉचमन आणि सहकाऱ्यानं अण्णाला खुर्चीसकट उचललं. खुर्ची तिरकी झाली, अण्णानं कठडा घट्ट धरला, लुंगी सुटली, ती त्यानं एका हातानं सावरली. त्या पायऱ्या बांधणाऱ्यांना मी आयुष्यात माफ करणार नाही.

आत मी पडदे ओढले आणि दोन डिशा ठेवल्या. खंडेनवमीच्या आधीची एक जुनी कुपी मी मधल्या काळात उठवली होती, त्या पेशींचे मज्जातंतू झाले होते. पहिली डिश ती. निळ्या प्रकाशात अण्णाला काहीच दिसलं नाही. साधा प्रकाश लावला तसे बारीक धागे दिसले, एकमेकांत गुंतलेले. मग दुसरी डिश. निळा प्रकाश. तो बराच वेळ डोळा लावून बसला.

"ह्यातली चांगली कुठली?" त्यानं विचारलं.

"काळी."

"आणि मला कुठली देणार?"

"ही."

त्यानं पुन्हा डोळा लावला. पाठीत हे वाढलं तर काय होईल, म्हणाला. मी त्याच्याशी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाही. म्हटलं, आता हात चालतात, मग तेही जातील. त्याच्या पुढचं सांगायची वेळ आली नाही, त्यानं हात वर करून थांबवलं. मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता. मी म्हटलं, तू फक्त नाही म्हण, बाकी मी बघते.

तो म्हणाला, "मी नाही म्हटलं की गवंड्याचा नंबर लागतो."

मी निळा प्रकाश बंद केला.

"मी तुझा भाऊ नसतो," तो म्हणाला, "तर तू काय केलं असतंस?"

मला त्याचा इतका राग आला की काय सांगू. इतके आठवडे मी एकाच माणसासाठी भांडत होते, त्याच्याशीच भांडत होते, आणि आता तो मला हे विचारत होता. मी पडदे उघडले. त्याला पुन्हा पायऱ्यांवरून उतरवलं, रिक्षात बसवलं आणि घरी आणलं.

दुपारी माझ्या जुन्या संस्थेतल्या बाईंना फोन केला. त्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या की करारात स्पष्ट आहे, ह्या पेशी माणसाच्या अंगात घालायच्या नाहीत, तसा नुसता संशय आला तरी सगळा साठा नष्ट करायचा. मी विचारलं, चांगल्या कुप्याही? त्या म्हणाल्या, चांगल्या-वाईट त्यांना कळतात का? राहिल्या तर तेच वापरतील. लेखी आदेश त्यांनी तासाभरात मेलवर पाठवला आणि दिल्लीतल्या सरकारी परिषदेलाही कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठवून ठेवायच्या नायट्रोजनच्या टाकीतून सगळ्या कुप्या काढल्या. वाईट आधी, मग चांगल्या. चांगल्यांवर माझं अक्षर होतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात, वीज जाते-येते, नळाला चार दिवसांआड पाणी, त्यात मी त्या जगवल्या होत्या. त्यांच्यावरून कितीतरी लोकांना पुढे शिकता आलं असतं. एका माणसाला टाळ्या हव्या होत्या म्हणून त्या मी माझ्या हातानं ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. सहकाऱ्याला म्हटलं, पाहुण्यांची डिश तू आण. त्यानं आणली आणि स्वतः आत ठेवली. झाकण मी लावलं.

वाफ सुटली तेव्हा अध्यक्ष आले. कुणीतरी कळवलं असणार. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "तुमी माजा दिवा इझवला," म्हणाले. मी म्हटलं, हो, तो विझायलाच हवा होता, मी तेच सांगत होते. त्यांनी मला निघायला सांगितलं. मी दाराबाहेर येऊन चपला घातल्या आणि त्या पायऱ्या उतरले.

घरी अण्णानं एवढंच विचारलं, सगळ्या? म्हटलं, सगळ्या. त्यानं मान हलवली. मग मोबाईल तोंडाशी धरून ग्रुपवर बोलून पाठवलं की सुई होणार नाही, त्या पेशींनी गाठ होते, मी डोळ्यांनी बघून आलोय, दुसऱ्या कुणी कुठं देतो म्हटलं तरी घेऊ नका. थोड्याच वेळात त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. अम्मानं शोकेसमधला फोटो काढला नाही, पण माझ्यासमोर ताट ठेवून ती तिथंच बसली. वहिनी पलंगाखाली वाकली आणि चपला घेऊन आत गेली.

दिवेलागणीला गवंड्याचा फोन आला. तो इतक्या मोठ्यानं ओरडत होता की मला भिंतीपाशी बसून सगळं ऐकू येत होतं. तो मलाच शिव्या देत होता. कुठल्या बाईनं आमच्या पायांवर धोंडा घातला, तिला लेकरंबाळं हायत का न्हाईत, तिचा भाऊ असा पडला असता म्हंजे तिला कळलं असतं. मी अण्णाला खुणेनं सांगितलं, ठेव फोन. त्यानं ठेवला नाही. गवंडी दमेपर्यंत, त्याचा आवाज फुटेपर्यंत, तो ऐकत राहिला. पलीकडून नुसतं रडणं ऐकू यायला लागलं तेव्हा तो माझ्याकडे न बघता फोनमध्ये म्हणाला, "व्हय. माजीच बहीण हाय ती."